'सार्वजनिक' पुणें

'सार्वजनिक' हा शब्द मराठींत आतां इतका रुळला आहे कीं, तो उच्चारतांना त्यांत कांहीं विशेष आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक बाग, सार्वजनिक नळ, जिकडे तिकडे तोच शब्द. परंतु पुण्यासारख्या शहरांत हा शब्द केव्हां शिरला आणि शिरतांना त्यानें किती तंटेबखेडे बरोबर आणले, हें पाहूं गेल्यास त्या शहराच्या सभासंमेलनांचाच नव्हे, तर करमणुकींचाहि इतिहास उलगडावा लागतो. राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत सभा आणि ठराव यांचीं वर्णनें भरपूर सांपडतात. पण अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून सभेस बसावयाला लोक शिकले कोठें? तें शिक्षण त्यांना नाटकाच्या पिटांत, कीर्तनाच्या मंडपांत आणि मिरवणुकीच्या गर्दींत मिळालें.

पेशवाईच्या अखेरीपर्यंत पुण्यांतल्या बहुतेक करमणुकींना एक यजमान असे. श्रावणमासीं पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत दक्षिणा वांटली जाई, तिचे यजमान खुद्द पेशवे. होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावण्या-पोवाड्यांना रंग चढे तो कोणा सरदाराच्या नाहीं तर सावकाराच्या पदराखालीं. खर्च त्याचा, मर्जीहि त्याची. ऐकणारे हे त्याचे पाहुणे, त्याचे आश्रित, किंवा भिंतीपलीकडून कान देणारे. बोलावलें तर जावयाचें आणि उठविलें तर उठावयाचें. त्यांत कोणास अपमान वाटत नसे, कारण तेथें बसण्याचा हक्क असा कोणाचाच नव्हता.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें आणि १८२८ सालीं वाडा आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. यजमान गेला. एल्फिन्स्टनसाहेबानें दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. जित लोकांच्या तोंडचा घांस एकाएकीं काढूं नये, हें त्या धोरणी गृहस्थास पक्कें ठाऊक होतें. पुढें मात्र ती रक्कम हळूहळू आटवून शिक्षणाकडे आणि मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळविण्यांत आली. शहराच्या पूर्वेस लष्कराची छावणी वसली आणि एका गांवाचीं दोन गांवें झालीं. छावणींत घोड्यांच्या शर्यती, बँड आणि जिमखाने. पावसाळ्यांत गव्हर्नरसाहेबांचा मुक्काम पुण्यास असला म्हणजे गणेशखिंडीच्या बंगल्यावर मेजवान्या. पेठांतल्या माणसाच्या वांट्यास त्यांतलें यावयाचें तें दुरून दिसणाऱ्या दिव्यांपुरतें.

मग ह्या यजमान नसलेल्या शहरानें आपली करमणूक भागविली कशी? त्याचें उत्तर एका चिटोऱ्यांत आहे, आणि तें चिटोरें म्हणजे तिकीट. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तें चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आज्ञेवरून आणि आश्रयानें. म्हणजे तेंहि जुन्याच वळणाचें. १८५१ सालीं आप्पासाहेब वारले, दरबारचा आश्रय तुटला आणि भाव्यांची मंडळी पोटासाठीं गांवोगांव हिंडूं लागली. १८५३ सालीं मुंबईस ग्रँट रोडवरच्या नाट्यगृहांत त्यांनीं तिकिटें लावून खेळ केले. मराठी रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून ५ नोव्हेंबर पाळला जातो, तो योग्यच आहे. परंतु मराठी प्रेक्षकाचा जन्मदिवस धरावयाचा झाला, तर तो पहिलें तिकीट विकलें गेलें त्या रात्रींचाच धरावा लागेल. पैसे मोजून आंत आलेला माणूस कोणाचा मिंधा नसतो. खेळ वाईट झाला तर तो उघड नांवें ठेवतो, आणि बरा झाला तर पुन्हा म्हणा म्हणून गळा काढतो.

पुण्यांत ह्या नव्या प्रेक्षकाचा खरा बहर दिसला तो ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं. त्या रात्रीं आनंदोद्भव नाट्यगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'संगीत शाकुंतल' लागलें, आणि १८८२ च्या नोव्हेंबरांत पूर्णानंद नाट्यगृहांत 'सौभद्र'. अण्णासाहेब हे रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरींतले नोकर. दिवसा सरकारचे कागद लिहावयाचे आणि रात्रीं नाटकाचीं पदें रचावयाचीं, असा त्यांचा क्रम. कचेरींतल्या माणसानें लिहावें आणि कचेरींतल्याच माणसांनीं, वकिलांनीं, शाळामास्तरांनीं, विद्यार्थ्यांनीं आणि पेठांतल्या दुकानदारांनीं तें पैसे देऊन ऐकावें, हा प्रकार पेशवाईंत कोणाच्या स्वप्नांतहि आला नसता. स्त्रियांची बसण्याची सोय वेगळी असे, आणि रंगभूमीवरच्या स्त्रिया म्हणजे पुरुषच. अण्णासाहेबांनीं पदांच्या चालींसाठीं कीर्तन धुंडाळलें, कर्नाटकी गाणें धुंडाळलें आणि लावणीहि सोडली नाहीं. लावणीची चाल अशा रीतीनें प्रतिष्ठितांच्या ओठांवर आली. परंतु ती पिढ्यान् पिढ्या जतन करणारे महार, मांग, कोल्हाटी हे तमासगीर होते तेथेंच राहिले. पुढें रेठऱ्याचा एक ब्राह्मण, श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, पठ्ठे बापूराव ह्या नांवानें तमाशांत गेला आणि महार समाजांतल्या पवळेबरोबर उभा राहिला, तेव्हां त्याचें काव्य लोकांनीं डोक्यावर घेतलें, पण त्याला स्वतःला जातीबाहेर टाकलें. चाल घ्यावी आणि गाणारा उंबऱ्याबाहेर ठेवावा, ही रीति ह्या शहरास चांगलीच अंगवळणीं पडलेली होती.

नाटकाच्या जोडीनें शहरास दुसरा एक नाद लागला, तो व्याख्यानांचा. व्याख्यानास करमणूक म्हटलें तर आजच्या माणसास हंसूं येईल. परंतु ज्या काळीं संध्याकाळीं कानांवर पडण्यासारखें कीर्तन-पुराणावांचून फारसें कांहीं नसे, त्या काळीं चांगला वक्ता हा नटाइतकाच लोकप्रिय होता. २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचें मूळ राजकारणांत नसून पर्वती संस्थानच्या कारभाराविषयींच्या तक्रारींत होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. देवस्थानचे पंच नीट वागत नाहींत, तर त्यांना जाब विचारणार कोण? लोकांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार सिद्ध करण्यासाठीं सुमारें सहा हजार लोकांचीं मुखत्यारपत्रें गोळा केलीं गेलीं आणि पंचाण्णव प्रतिनिधि नेमले गेले. गणेश वासुदेव जोशी हे ह्या कामाचे प्राण. लोक त्यांस 'सार्वजनिक काका'च म्हणूं लागले. १८७५ सालीं माधवराव रानड्यांनीं वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या सुटींत रिकाम्या बसलेल्या शहरास त्यांनीं वाद ऐकण्याची गोडी लावली.

त्याच सालीं ह्या गोडीची परीक्षा झाली. आर्यसमाजाचे संस्थापक स्वामी दयानंद पुण्यास आले आणि बुधवार पेठेंत भिडे वाड्यांत त्यांचीं व्याख्यानें झालीं. गर्दी लोटली. मूर्तिपूजेवरची टीका ऐकण्यास मूर्तिपूजकच लोटले, हें पुण्याच्या स्वभावास धरूनच झालें. व्याख्यानें संपल्यावर स्वामींची मिरवणूक काढण्याचें ठरलें. रानडे तींत होते आणि जोतीराव फुलेहि होते. विरोधकांनीं त्याच वेळीं गाढव सजवून 'गर्दभानंदा'ची दुसरी मिरवणूक काढली. एका रस्त्यावर संन्यासी, दुसऱ्यावर गाढव! मग चिखलफेक झाली, आणि ती वाणीची नव्हे, खऱ्या चिखलाची. रानडे घरीं आले ते कपड्यांवर शिंतोडे घेऊनच. पुण्यानें त्या दिवशीं वाद घातला, पण करमणूकहि सोडली नाहीं.

जोतीराव फुल्यांचें ह्या साऱ्याकडे पाहणें मात्र निराळें होतें. ते नगरपालिकेचे सभासद असतांना व्हाइसरॉयसाहेबांच्या स्वागताची शोभा करण्यासाठीं एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. ही रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे लावावी असें म्हणून फुल्यांनीं विरोध केला, आणि त्या सभेंत ते एकटेच पडले. नव्या मंडईच्या खर्चासहि त्यांनीं अशीच हरकत घेतली होती. मंडई १८८६ सालीं उघडली गेली, आणि पुढें तिला फुल्यांचेंच नांव मिळालें, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. २ मार्च १८८८ रोजीं हरी रावजी चिपळूणकरांनीं ड्यूक ऑफ कॅनॉटना मेजवानी दिली. जरीचीं पागोटीं आणि मोत्यांच्या माळा यांनीं दिवाणखाना भरून गेला असतां फुले आले ते कुणब्याच्या वेषांत. ह्या दागिन्यांवरून हिंदुस्थानची परीक्षा करूं नका, राणीची खरी रयत खेड्यांत आहे, अशा आशयाचें भाषण त्यांनीं तेथेंच उभें राहून केलें. यजमानाची मर्जी राखण्याचें काम ज्या बैठकींत सर्वजण करीत होते, तींत एकट्यानें रयतेचें नांव काढलें. फुल्यांच्या शेवटच्या ग्रंथाचें नांव 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'. तोच शब्द, पण सार्वजनिक सभेच्या शब्दापेक्षां त्याची व्याप्ति किती मोठी!

ह्या शब्दाची ओढाताण पुढें चहाच्या पेल्यापर्यंत गेली. ४ ऑक्टोबर १८९० रोजीं पंचहौद मिशनमध्यें शहरांतल्या नामांकित मंडळींस व्याख्यानासाठीं बोलावणें होतें. व्याख्यान झाल्यावर चहा आणि बिस्किटें पुढें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्यास हात लावला, कोणी तसाच ठेवला. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशी ह्या विक्षिप्त गृहस्थांनीं ती नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापविलीं आणि शहरांत वणवा पेटला. शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, चौकशी बसली, आणि ज्यांचीं राजकीय मतें एकमेकांशीं मुळींच जुळत नसत अशा पुढाऱ्यांना प्रायश्चित्ताचा प्रश्न सारखाच सोडवावा लागला. व्याख्यान ऐकण्यास एकत्र बसण्यापर्यंत शहराची तयारी झालेली होती. एकत्र पेला उचलण्याची मात्र अजून नव्हती.

असें असतां १८९३ पासून गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आलें. तोंपर्यंत गणपति हा घरचा पाहुणा होता. ज्यानें त्यानें आपापला बसवावा आणि आपापला बोळवावा. भाऊसाहेब रंगारी आणि इतर मंडळींनीं आरंभ केला, टिळकांनीं 'केसरी'चें बळ मागें उभें केलें, आणि १८९४ पासून पेठोपेठीं मंडप, दहा दिवस कीर्तनें, व्याख्यानें, मेळे आणि अखेरीस एकत्र विसर्जन असा थाट झाला. मेळे ही ह्या उत्सवाची खरी जान. एकसारखा पोषाख केलेलीं तरुण पोरें लेझमीच्या आणि टाळ्यांच्या ठेक्यावर पदें म्हणत मंडपामंडपांतून फिरत. त्यांना पाहण्यास तिकीट नव्हतें आणि यजमानाचें आमंत्रणहि नव्हतें. नाट्यगृहाचें तिकीट ज्यास परवडत नसे, तो कामकरी येथें पुढें येऊन उभा राहूं शके. हें यश लहान नव्हे.

परंतु ह्या यशाचें एक मोल होतें, आणि तें सांगितल्यावांचून हकीकत पुरी होत नाहीं. पूर्वीं मोहरमच्या ताबुतांपुढें पुण्यांतले हिंदु लोक हौसेनें नाचत, सोंगें घेत, स्वतःचे ताबूत बसवीत. १८९३ च्या ऑगस्टांत मुंबईस हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला, आणि दुसऱ्या वर्षीं ताबुतांत जाऊं नये असा प्रचार पुण्यांत झाला. गणपतीच्या मेळ्यांतील कांहीं पदांचा रोख उघड उघड मुसलमानांवर होता. १८९४ च्या सप्टेंबरांत दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपाशीं मारामारी झाली. एक उत्सव मोठा होतांना दुसऱ्या उत्सवांतली सोबत सुटली. सरकारच्या फोडाफोडीच्या धोरणास ह्यांत आयतेंच साधन मिळालें हें खरें. पण पदें रचणारे हात सरकारचे नव्हते.

मंडपांत कोण बसावें हा प्रश्न लगेच पुढच्या वर्षीं अधिक तीव्रतेनें उभा राहिला. १८९५ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभेचें अधिवेशन पुण्यास, सुरेंद्रनाथ बानर्जींच्या अध्यक्षतेखालीं, भरावयाचें होतें. सामाजिक परिषद त्याच मंडपांत भरवावी ही चालत आलेली वहिवाट. पुण्याच्या सनातनी पक्षानें हरकत घेतली: मंडप लोकांच्या पैशांनीं उभारलेला, आणि लोकांना विधवाविवाहाच्या गोष्टी नकोत. मंडप पेटवून देण्याच्या धमक्याहि निघाल्या. राष्ट्रीय सभा फुटूं नये म्हणून रानड्यांनीं माघार घेतली आणि सामाजिक परिषद वेगळा मंडप घालून भरविली. माघारीचा हा निर्णय शहाणपणाचा होता कीं नाहीं, ह्याविषयीं मतभेद राहतील. पण ज्या मंडपांत स्त्रियांच्या दुःखाचें नांव काढतां येत नाहीं, त्यास सार्वजनिक म्हणतांना जीभ थोडी अडखळते.

१८९७ चा जून महिना तर ह्या शहराच्या उत्सवांचा आणि दुःखाचा कडेलोटच होता. प्लेगानें घरें उठलेलीं. रँडसाहेबाच्या हुकुमानें शिपाई घरांत शिरून तपासण्या करीत, त्याचा संताप मनांत धुमसत होता. १२ जूनपासून शिवरायांच्या राज्याभिषेकाचा उत्सव झाला. तेथील भाषणांची हकीकत १५ तारखेच्या 'केसरी'नें छापली. २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा साठ वर्षांचा महोत्सव आला आणि गणेशखिंडीस रोषणाई, दारूकाम, मेजवानी, सर्व यथासांग झालें. जें शहर प्रेतें मोजीत होतें, त्यानें त्या रात्रीं टेकड्यांवरचे दिवे पाहिले. मध्यरात्रीच्या सुमारास मेजवानीहून परतणाऱ्या गाड्यांवर चापेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागींच ठार झाला आणि रँड ३ जुलैला मेला. हे चापेकर कोण, तर एका कीर्तनकाराचे मुलगे; वडिलांच्या मागें उभें राहून वाद्यांची साथ करणारे. पुढें टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला त्यांत एका उत्सवाचा छापील वृत्तांत हाच पुरावा होता, आणि शिक्षा झाली अठरा महिन्यांची.

नाटकावर नजर ठेवण्याचा कायदा सरकारनें १८७६ सालींच केलेला होता. खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें तेव्हां कीचकाच्या ठिकाणीं लॉर्ड कर्झनसाहेबांस ओळखावयाला पिटांतल्या कोणासहि भाष्याची गरज पडली नाहीं. सरकारास तें कळावयाला कांहीं काळ लागला. १९१० मध्यें नाटक बंद झालें, आणि त्याच सुमारास मेळ्यांच्या पदांवरहि निर्बंध आले. महाभारतांतली एक कथा बंद करण्याची पाळी बलाढ्य साम्राज्यावर यावी, ह्यापेक्षां प्रेक्षकांच्या समजूतदारपणास मोठें प्रशस्तिपत्र कोणतें?

मेळ्यांचें हत्यार एकाच पक्षाच्या हातीं राहणार नव्हतें. १९२२ च्या सुमारास केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनीं छत्रपति मेळा काढला. तोच पोषाखाचा थाट, तीच समूहगीतांची रीति. पण रोख आतां ब्राह्मणी वर्चस्वावर. ज्यांनीं मेळ्याची कला शहरास शिकविली, त्यांच्याच वाड्यांसमोर ती उलटून उभी राहिली. पदें कडवट होतीं, कांहीं वेळां मर्यादा सोडणारींहि होतीं. परंतु आपणांसहि ह्या रस्त्यावर गाण्याचा हक्क आहे, हें त्यांनीं शहरास ऐकविलें.

मध्यंतरीं, १९१५ सालीं, मंडईजवळ आर्यन चित्रगृह उघडलें. तें आतां उरलेलें नाहीं. त्या जागीं वाहनें उभीं राहतात. तेथें पुढच्या बाकांचा दर आणि मागच्या खुर्च्यांचा दर एवढाच भेद. दिवे मालवले म्हणजे शेजारच्या माणसाचें आडनांव दिसत नसे. व्याख्यानांना आणि उत्सवांना जें अर्ध्या शतकांत पुरतें साधलें नव्हतें, तें ह्या पांढऱ्या पडद्यानें काळोखाच्या आश्रयानें पुष्कळसें साधलें.

उजेडांत मात्र गोष्ट वेगळी होती. ज्या पर्वतीच्या कारभारासाठीं १८७० सालीं सहा हजार लोकांनीं मुखत्यारपत्रें दिलीं होतीं, त्याच पर्वतीच्या पायऱ्या १३ ऑक्टोबर १९२९ रोजीं अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मंडळी आणि त्यांचे कांहीं सवर्ण सहकारी सत्याग्रहासाठीं चढूं लागले. वरून दगड आले. मंदिराचें दार त्या दिवशीं बंदच राहिलें.